हवा कुठून जाईल

दौलतगंजात, आरशांच्या दुकानावर, माझी दोन खोल्यांची लॅब.
खाली माणसं चेहरे बघतात. वर मी दात घडवते.
तोंडं मला दिसत नाहीत. येतो तो
कापसात गुंडाळलेला एक प्लास्टरचा जबडा
आणि चिठ्ठी : नाव, वय, कुठला दात, कुठली शेड.

कालची चिठ्ठी : ओ. पी. सक्सेना, ब्याऐंशी,
वरचा डावा, समोरचा पहिला. ए साडेतीन.
कारण, डॉक्टरांच्या अक्षरात : गजक.

सक्सेना. पॉटरीचे फोरमन.

बाबा तिथे ओतकामात होते, एकवीस वर्षं.
दाट ताकासारखी माती साच्यात ओतायची आणि थांबायचं.
प्लास्टर पाणी पितं, कडेनं माती धरते,
जाडी आली की उरलेली परत बादलीत.
"घाई केली की कप रडतो," म्हणायचे,
आणि लहानपणी मी कपाटाला कान लावून ऐकायची.

किटलीची चोच मात्र दहातली तीन वेळा फुटकी निघे.
टोकाशी हवा कोंडायची.
सत्त्याहत्तरच्या थंडीत बाबांनी आईची सुई नेली,
साच्याला चोचीच्या अगदी शेवटाशी
एक भोक पाडलं.
एवढंच. हवा गेली, चोची शाबूत निघाल्या.
रजिस्टरात : सुधारणा, ओ. पी. सक्सेना. बक्षीस साठ रुपये.
सुई घरी आली नाही.
आई त्यावरूनच जास्त बोलली.

जबडा हातात घेऊन मी बराच वेळ बसले.
एक केसभर उंच ठेवला असता तरी पुरे होतं,
प्रत्येक घासाला लागला असता, जन्मभर.
जन्म तरी किती उरलाय त्यांचा, हेही मनात आलं.

मग मेण तापवलं.

मोठ्या लॅबमध्ये काच जांभळी येते,
मशीन ती कोरतं, भट्टीतून निघते ती दातासारखी होऊन.
माझ्याकडे ते मशीन नाही, हप्ते झेपत नाहीत.
मी मेणाचा दात करते, त्याभोवती लुकण ओतते,
भट्टीत मेण जळून जातं,
आणि त्याच्या जागी, नऊशेच्या वर,
मधासारखी मंद, काच दाबून शिरते.
निवताना तिच्यात सुयांसारखे स्फटिक गुंततात,
तडा आलाच तर त्याला वळणं घेत जावं लागतं.

संध्याकाळी बाबा डबा घेऊन जिना चढून आले.
भट्टीशी उभे राहिले, विडीवाल्यासारखे हात मागे.
"मेण गेलं की आत काय उरतं?"
"दाताएवढं रिकामं."
"काच शिरली की हवा कुठून जाईल?"
"साच्यातूनच, बाबा. तो सच्छिद्र असतो."
"म्हणजे सगळीकडेच भोकं."
थोडं थांबून : "हे कुणाच्या नावावर आहे?"
"असेल कुठल्यातरी कंपनीच्या."
त्यांनी मान हलवली, जणू ओळखीचं कुणी निघालं.

मग जबडा उचलून अंगठा फिरवला.
"हा कुणी ओतला? दाढेशी बुडबुडा राहिलाय."
"दवाखान्यातल्या पोरानं."
"त्याला म्हणावं, टेबल ठोकत ओत."
चिठ्ठी माझ्या कोपराखाली होती.
त्यांनी विचारलं नाही. मी कोपर उचललं नाही.

दात चोख बसला. निळ्या कागदाचा ठिपका
तिळाएवढा, हवा तिथेच.
शेजारच्या दातावर चहानं पिवळी झालेली एक चीर होती,
एका केसाच्या ब्रशनं तीही उतरवली,
नाहीतर नवा दात खोटा बोलल्यासारखा दिसतो.

आणि मागे, टाळूच्या बाजूला,
अशा दातांना मुळातच एक खळी असते, कुणाची उथळ, कुणाची खोल.
मेण मऊ असतानाच मी ती सुईनं केली होती,
किंचित खोल. वर चकाकी चढवली, काही अडकणार नाही.
काही दुखणारही नाही.

फक्त जीभ जाईल तिथे.
जेवून झाल्यावर, झोप येत नसताना,
विचार करत असताना,
जात राहील.