दोरीला टांगलेला चेंडू

आमच्या घराण्यात एक चेंडू आहे
जो अजून खाली आलेला नाही.
अठराशे सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात
योरवर्थ पणजोबांनी तो टोलवला,
आणि तो लिहाय नदीच्या पार गेला.
पैसे घेऊन खेळायचे म्हणे ते, पगारी.
ग्विलिम काका सांगतात,
त्यांना त्यांच्या आत्यानं सांगितलं,
आत्याला कुणी, ते विचारायचं नाही.
दर थँक्सगिव्हिंगला नदी थोडी रुंद होते.

मी विचारलं.
शाळेची बस डेपोत लावून
चार शनिवार काउंटीच्या वाचनालयात
मायक्रोफिल्मचं चाक फिरवत बसले.
टॉनिकच्या जाहिराती, हरवलेलं खेचर,
कोळशाखाली दबलेल्या सात जणांची नावं,
आणि त्यांच्या खाली, मुंग्यांच्या रांगेसारखे,
सामन्यांचे तक्ते.
नुसती आडनावं, तीही रकान्यात मावतील तेवढीच.
प्रोथेरोचं झालेलं प्रोथो.
कॅचर.

मग व्हॅनडरस्लूट यांचं दुकान,
जुनी नाणी, तिकिटं, मेलेल्यांची पदकं.
त्यांनी चिमट्यानं उचलून समोर ठेवलं
सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून घालायचे
तो पुठ्ठ्याचा तुकडा. बोटभर.
आता त्याला प्लास्टिकची शवपेटी.
खाली छापलंय: रॉथरो, कॅचर.
‘छापणाऱ्याला ऐकू कमी यायचं,’ म्हातारा म्हणाला,
‘आणि खेळणारेही धड नाव सांगत नसत.
चॅपलात बसलेल्या आईला
रविवार कळता कामा नये.’

भिंग धरलं.
मागं रंगवलेली झाडं, पायाखाली गालिचा,
त्याचंच गवत समजायचं.
ओंजळ पुढे करून एक पोरगा उभा,
आणि ओंजळीच्या वर, हवेत,
चेंडू.
कॅमेरा तेव्हा मंद होता, चेंडूला दम नव्हता,
म्हणून छतापासून दोरीनं बांधलेला.
दोरी कुणीतरी खरवडून पुसली आहे.
पण दिसते.

पिशवीतून मी त्यांच्या लग्नाचा फोटो काढला.
कान जुळतो.
हनुवटी नाही जुळत, पण दाढी आहे, काय सांगणार.
लग्नाच्या फोटोत उजवी करंगळी
बिजागरी निखळलेल्या दारासारखी बाहेर गेलेली.
खाणीत झालं, असं घरात सगळे मानतात.
व्हॅनडरस्लूट म्हणाले,
तेव्हाचे कॅचर उघड्या हातांनी झेलायचे.
कार्डावरची करंगळी सरळ आहे.
म्हणजे हा तो नव्हे.
किंवा अजून
तो झालेला नाही.

किंमत अकराशे डॉलर.
मी भिंग परत दिलं, मग पुन्हा मागितलं.
त्यांनी दुकानाची पाटी उलटी केली
आणि मला बसू दिलं.

पाचव्या शनिवारी बाकीचं सापडलं.
चार सामने. सोळा वेळा बॅट हातात.
फटका एकही नाही.
चुका सात.
पाचव्या सामन्यात कॅचर दुसराच कुणी, नऊ अक्षरी आडनावाचा,
त्यालाही रकान्यानं छाटलेला.
आणि सप्टेंबरात खाणीच्या वहीत, शाईनं, पूर्ण स्पेलिंगसकट
योरवर्थ प्रोथेरो, रोजंदारी.
कोळशाला नाव नीट ऐकू आलं होतं.

आज टर्की कापून झाली आहे.
काकांनी रुमाल घडी करून ठेवला,
म्हणजे आता सुरू होणार.
माझ्या पर्समध्ये घडी केलेले
चार कागद आहेत, चार शून्यं.
माझी मुलगी, नातू, काकांची नवी नर्स,
सगळे थांबलेत. नर्सनं हे कधीच ऐकलेलं नाही.
‘...आणि तो गेला थेट नदीपार!’

मी बटाट्यांचं भांडं पुढे सरकवते.
‘किती रुंद होती हो तेव्हा नदी?’
काका हात पसरतात,
संधिवात पसरू देईल तेवढे.