झाकलं जाण्याचा क्रम

सदरलँडच्या माळावर जुलै, उणे सहा.
घुमटाची फट उघडताना लोखंड असं कण्हतं
की खालची मेंढरं माना वर करतात.
मी कॅमेऱ्याची एक वायर बदलायला आले होते,
वायर बदलून झाली, गाडी सकाळी,
म्हणून थांबले.

थांडेका म्बिलिनीच्या हातात रॉइबोसचा कप,
पिण्यासाठी नाही, धरण्यासाठी.
तिच्या ताऱ्याला नाव नाही, आकडे आहेत,
आणि तो एक नाही, दोन आहेत:
एक लाल, सैल, स्वतःत न मावणारा.
दुसरा पांढरा, पृथ्वीएवढाच,
पण वजनात सूर्याशी बरोबरी सांगणारा,
चुंबकाने ताठ.
लालाच्या अंगावरून वायू सुटतो,
आधी नुसता पडतो, कड्यावरून दगड पडावा तसा,
मग वाटेत कुठेतरी
चुंबकाच्या रेषा त्याला दावं लावतात
आणि वळवून नेतात ध्रुवाकडे.

कुठेतरी म्हणजे कुठे?
हाच तिचा प्रश्न. चार वर्षं झाली.

फ्रान्सी याफ्ता दुर्बीण चालवतो.
त्याचा बाप मेंढ्या कातरायचा.
"हात चांगला असेल तर लोकर एका तुकड्यात सुटते,
अंगरखा उतरवल्यासारखी," तो म्हणाला,
"तुझ्या पांढऱ्याचा हात कसा आहे?"
"दिसत नाही ना," ती म्हणाली.
पडद्यावर एक टिंब. जोडी नाही, धार नाही.
उजळतं, मंदावतं.

म्हणून ग्रहण. दर एकशे चौदा मिनिटांनी
लाल पांढऱ्याच्या पुढ्यात येतो.
स्पर्श, संमीलन, उन्मीलन, मोक्ष:
आमच्या पंचांगातले शब्द मी तिला सांगितले,
तिने कपावर बोटाने ठेका धरून ते म्हणून पाहिले,
"मोक्ष"ला हसली.

तेवढ्यात फ्रान्सी बाहेरून आला. "धुकं."

आम्ही कठड्याशी गेलो.
दूर खाली गाव, चाळीसेक दिवे,
आणि पश्चिमेकडून काहीच-नाही सरकत येत होतं.
धुकं दिसत नव्हतं. दिवे जाताना दिसत होते.
"गेला पेट्रोलपंप," फ्रान्सी म्हणाला.
"सार्लीनची बेकरी. आता चर्च...
चर्च उंचावर आहे, थांब...
हं. गेलं.
तो चौथा माझा, बंद करायला विसरलो होतो."
त्याने घड्याळ पाहिलं, ओठांत काही मोजलं.
"पंचवीस मिनिटांत इथे."
ग्रहणाला एकोणीस.

थांडेका त्याच्याकडे बघत राहिली.
हेच तर ती करते.

स्पर्श.
पांढऱ्यावरचा तापलेला ठिपका दोन सेकंदांत गेला,
फुंकर मारल्यासारखा.
पण उजेड संपला नाही. धार उरली,
आणि आलेखाची रेघ
म्हातारं माणूस अंधाऱ्या जिन्यावरून उतरावं तशी
पायरी चाचपत खाली येऊ लागली.
एके ठिकाणी अडली. पुढचं पाऊल ठेवेना.
"तिथे," थांडेका कुजबुजली, "तिथे दावं."
मग तेही झाकलं गेलं.

ओलाव्याचा भोंगा वाजला.
फ्रान्सीने तिच्याकडे पाहिलं नाही, बटण दाबलं.
आरसा भिजला तर मोक्ष कुणालाच नाही.
पुन्हा तेच कण्हणं, उलट्या दिशेने.

पहाटेपर्यंत ती अर्ध्या ग्रहणाशी झुंजत बसली.
एवढ्या उताराला बसणारे नकाशे
हजार निघतात, तिने सांगितलं,
त्यातला सगळ्यात कमी बढाया मारणारा घ्यायचा.
तो तिने मला दाखवला:
एक अंधुक कमान, आणि मध्ये
नखाएवढी जागा, जरा जास्त उजळ.
"कदाचित," ती म्हणाली.

गाडीत बसले तेव्हा धुकं चाकांपर्यंत होतं.
फाटकाशी फ्रान्सी हात हलवत उभा होता,
आधी बूट गेले त्याचे, मग गुडघे,
हात बराच वेळ दिसत राहिला.
वर, कुणी बघत नसताना,
ग्रहण कधीच सुटलं होतं,
देणं चालूच होतं.