हलका हात

बार्जवर होतो तेव्हा मनगटाएवढे नट फिरवले.
आता आमोण्याच्या पडवीत
मुठीत मावणारं हे यंत्र,
मिनिटाला तीस हजार फेरे,
आणि मी श्वास धरून.

टोकं ठेवलीत बेबिंक्याच्या रिकाम्या डब्यात.
हिऱ्याचं, दगडाचं, कापडी गोंडा,
एक कशासाठी ते अजून कळलेलं नाही.
करवंटीच्या दवलीवर शेवटा कोरला.
बायको म्हणते, घूस दिसते.
असेल.

काल सुलक्षा आली, काखेत पिठाचा डबा.
ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं
सौ. सुलक्षा प्र. वळवईकर, तारखेसकट.
"काका, एवढं घालवता येईल?"
एवढं म्हणजे किती, विचारलं नाही.
"डबा चांगलाय हो, पाच किलो मावतं," ती म्हणाली
मी काही न बोलताच.

चष्मा चढवला. दोन नंबरवर लावलं.
दाबायचं नसतं, नुसतं टेकवायचं
(हे कळेपर्यंत तीन टोकं मोडली).
आधी तारीख गेली, मग आडनाव.
प्र. खोल होता. त्याला वेळ लागला.
'सुलक्षा'पाशी मी थांबलो.
"ते राहू दे," ती म्हणाली.
"आणि पुढे आईचं घाला. मथुरा."

टोक बदलतोय, तोवर वीज गेली.
बाहेर खाडीकडे कुणाची तरी होडी फटफटत होती.
अंधारात चाचपून खडू काढला,
म आणि थु मधलं अंतर
बोटानं मोजत बसलो.