तळघरातला उन्हाळा

जून उजाडला. खिडक्या सताड उघड्या,
अँड्रोस्कॉगिन नदीवरून येणारा वारासुद्धा कोमट,
आणि खाली तळघरात तो
दर तासाला खोकून पेटायचा.
साठ सालचा बिडाचा बॉयलर.
घरात कुणाला थंडी वाजत नव्हती.
तरी पेटायचा.

अंघोळीचं पाणी त्याच्याच पोटातल्या
तांब्याच्या वेटोळ्यातून येतं, हे मला माहीत आहे.
पण एकटीच्या अंघोळीसाठी
दिवसभर भट्टी धगधगती ठेवायची?
तेलवाल्याचं बिल हिवाळ्यात निमूट भरते,
तेव्हा भीती असते.
उन्हाळ्यात नुसता राग येतो.

जावई म्हणाला, बंद करून टाका की.
केला बंद. लाल बटण खाली,
आणि घर असं शांत
की फ्रिजची घरघर पहिल्यांदा ऐकली.
तीन दिवस गार पाण्याने अंघोळ,
दात वाजत होते आणि मी मनात पैसे मोजत होते.
चौथ्या दिवशी जिना उतरले तर
पायाखाली ओल.
बीड गार पडलं, आकसलं,
सांध्यासांध्यातून झिरपू लागलं, गंजाच्या रंगाचं.
तेल वाचलं म्हणे. हाती धुपाटणं.

ल्युसिएन आला. गुडघ्याला पट्टा,
बॉयलरहून दोनच वर्षांनी मोठा.
गाभण गाईच्या पाठीवर ठेवावा
तसा त्याने बॉयलरवर हात ठेवला.
म्हणाला, ओदील,
या वयात पुरतं गार पडू द्यायचं नाही.
पण एकशे ऐंशीवर तापवत कशाला बसायचं?
तबकडी एकशे चाळीसवर आणली,
उघड्या पाइपांवर फोमच्या बाह्या चढवल्या,
मग भिंतीवरच्या डबीची धूळ पुसली.
वेळ लावायचं घड्याळ तर आहे की तुझ्याकडे.
हे ‘कायम चालू’वर कुणी ढकललं?

मीच.
रोझेरच्या अंत्यविधीला घर पाहुण्यांनी भरलं होतं,
गरम पाणी पुरेना, तेव्हा.
सहा वर्षं झाली त्याला.

घड्याळाच्या बाजूला चुन्यावर त्याची पेन्सिल:
१५ मे, खाली. २० सप्टेंबर, वर.
गॅलनचे आकडे, वर्षामागून वर्ष.
एके ठिकाणी, नोझल बदललं, लहानच बरं.
आणि त्याखाली, तिरपं:
ओ. चार चाळीस. नऊ मिनिटं.

ल्युसिएनला काही कळलं नाही.
मला कळायला जिना चढावा लागला,
न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन थांबावं लागलं.
बुटांच्या कारखान्यातून मी साडेचारला सुटायचे.
केसांत सोल चिकटवायच्या सरसाचा वास,
आल्याआल्या आधी पाण्याखाली.
म्हणजे हा माणूस दाराबाहेर
घड्याळ धरून उभा राहिला होता.
हिला किती वेळ लागतो,
किती आधी पेटवायचं, कधी विझवायचं.
बावीस वर्षांत पाणी एकदाही
मध्येच गार झालं नाही.
मला वाटायचं, बॉयलर चांगला आहे.

कारखाना केव्हाच गेला. तिथे आता गाड्या लावतात.
घड्याळाची पिन मात्र
चारलाच रुतून बसलेली.
ती काढताना नख तुटलं.
सकाळी सव्वासहाला लावली,
दुसरी रात्री आठला, भांड्यांसाठी.
मधल्या वेळात तो कोमट राहतो, गळत नाही,
दुपारी जिन्यात कान दिला
तर काहीच ऐकू येत नाही.

ऑगस्टमध्ये तेलवाल्याने टाकीचा काटा
बोटाने टिचकी मारून पाहिला.
अडकलाय वाटतं, म्हणाला.
अडकलेला नव्हता.

तो गेल्यावर पेन्सिल शोधली,
खाली जाऊन त्याच्या ओळीखाली लिहिलं:
ओ. सकाळी सात. पाच मिनिटं.
केस आता कमी आहेत.