सात नंबरची काच

सात नंबरची काच पुसायची नाही.
पहिल्या दिवशी प्राध्यापक ओसांदोननी
एवढंच सांगितलं, हळू आवाजात,
आतल्या खोलीत कुणी झोपलंय
असं पाहुण्याला सांगतात तसं.

विद्यापीठाचं हे केंद्र म्हणजे
आन्तोफागास्ताच्या वर, वाळवंटात, दोन कंटेनर,
ट्रकने भरली जाणारी पाण्याची टाकी
आणि उत्तरेकडे तोंड करून बसलेल्या बारा काचा.
आमच्याकडे सूर्य उत्तरेनेच जातो.

अकरा मी पुसते.
एक रोज, कोरड्या ब्रशने. एक गुरुवारी.
एक पंधरवड्याने, मोजून अर्धा लिटर पाण्यात.
एकीला कसलासा लेप दिलाय,
तिच्यावर म्हणे धूळ टिकत नाही.
टिकते. मी पाहते ना.
सात तशीच.
तिच्यावरून बाकीच्यांचं मोल ठरतं.

पहाटे समुद्रावरून कामांचाका चढतं,
धुकंच, पण अंगावरची लोकर जड करणारं.
धूळ भिजते, दहापर्यंत वाळते,
मग गिलाव्यासारखी धरून बसते.
बास्तियान, पीएचडीवाला, नखं कुरतडणारा,
सातशेजारी टांगलेला काचेचा तुकडा काढतो,
श्वास रोखून तोलतो,
आणि मला वाचून दाखवतो, मी विचारलेलं नसतानाही:
जिप्सम, दोन्या एदुविना. फेल्डस्पार.
आणि गारगोटीची पूड.

गारगोटीची पूड
मी आधी ऐकली होती कालामाच्या दवाखान्यात.
वडील, इलारिओ चोके,
तेवीस वर्षं दगड भरडायच्या यंत्रापाशी.
डॉक्टरने फिल्म खिडकीला लावली.
छातीत पहाटेचं धुकं उतरलेलं, जागच्या जागी थिजलेलं.
किती आहे, मी विचारलं.
ते असं मोजता येत नाही, बाई.

इथे येतं.
चौरस मीटरला किती, आठवड्याला किती,
वारा कुठल्या अंगाने होता तेही.
एका बुधवारी
मला राग आला. कुणाचा, ते आजही धड सांगता येत नाही.
ब्रश घेतला, पाणी घेतलं, अर्धा लिटर नाही, बादलीभर,
आणि सात पुसली.
कोपऱ्यांतून, चौकटीच्या खाचेतून,
चौदा महिन्यांची धूळ
माझ्या बुटांवरून तपकिरी वाहत गेली
आणि वाळूने ती लगेच पिऊनही टाकली.

बास्तियानच्या पडद्यावर रेघ ताडकन उभी राहिली.
तो काही बोलला नाही. बोटांची नखं संपली होती.
प्राध्यापक शहरातून आले, संध्याकाळी.
काचेसमोर उभे राहिले, तिच्यात त्यांना
त्यांचाच चेहरा दिसत असणार.
मग नोंदवही उघडली.
तारीख लिहिली. काच सात. पुसली.
कारण, असा रकाना होता.
तिथे थांबले, आणि पेन माझ्याकडे दिलं.

माझं अक्षर वाईट आहे.
मी लिहिलं: खोकला.

त्यांनी वाचलं. वही मिटली.
पुन्हा शून्यापासून, म्हणाले. चौदा महिने.
पगार कापला नाही.

या काचांची वीज शहराला जात नाही, हे सांगायचं राहिलं.
प्रत्येकीखाली एक लोखंडी पेटी आहे,
वीज तिच्यात शिरते, मोजली जाते, पेटी कोमट होते.
बस. एवढंच.
मी माझा डबा नेहमी रोज पुसायच्या काचेखाली ठेवायचे.
त्या आठवड्यात सातच्या पेटीवर ठेवला.
क्विनोआ, थोडा भोपळा.
वाफ आली झाकण उघडल्यावर.

आता पुन्हा बसतेय धूळ.
आज सकाळी बोटाएवढ्या अंतरावरून पाहिली,
श्वास लागू नये म्हणून
तोंडावर रुमाल धरून.
मग चौथीकडे वळले. गुरुवार आहे.