सात नंबरची बस

टार्टूत नोव्हेंबरात चार वाजताच दिवस मिटतो.
हॉलमध्ये मात्र ट्यूबलाइटची कधी न सरणारी दुपार,
रबराचा वास, ओल्या वाळूचा वास,
आणि बाकावर वाकून मिर्टेल
बुटांतले जुने तळवे उपसते, माझे घालते.

माझे म्हणजे प्रयोगशाळेचे.
वेफरसारखे पातळ, एकोणचाळीस नंबरचे,
प्रत्येकात दाब ओळखणाऱ्या नव्व्याण्णव टिकल्या,
आणि घोट्याला बांधायची डबी, काड्यापेटीहून लहान.

"डावा उचल," मी सांगते. "आता उजवा."
पाय अधांतरी असतानाच यंत्राला शून्य शिकवावं लागतं,
नाहीतर ते कालचं वजन आज मोजत बसतं.
ती करकोच्यासारखी उभी.
डाव्यावर भार येतो तेव्हा ओठ आत ओढून घेते.
ओठांखाली मी सेन्सर बसवलेला नाही.

तिहेरी उडी.
पहिली झेप, उतरायचं त्याच पायावर,
मग ढांग, मग उडी, मग वाळू.
त्या पहिल्या उतरण्यात, पापणी लवायच्या आत,
अंगाच्या कितीतरी पट भार एका तळव्यातून जमिनीत जातो
आणि जमीन तो जागच्या जागी परत करते,
उधारी नाही, सवलत नाही.
गेल्या फेब्रुवारीत असाच परत केला
तेव्हा गुडघ्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला.
मी टेप धरून वाळूपाशी बसले होते.

डॉक्टर म्हणतात, बरा झाला.
कोच ऐनार म्हणतो, बरा झाला.
मिर्टेल तर सगळ्यांच्या आधीच म्हणाली होती.
पडद्यावर उजवा पाय टाचेशी लाल, अंगठ्याशी लाल;
डावा हिरवा, कडेला पिवळट,
अढीत घालायच्या आधीच्या फळासारखा.
अठरा टक्के कमी.
पुन्हा. सतरा.
पुन्हा. वीस.
"पाय रोव!" ऐनार ओरडतो,
जसं काही तिच्या ते लक्षातून गेलंय.

या तळव्यांना सरळ खाली येणारा जोर तेवढा कळतो.
आडवा, घासत जाणारा जोर त्यांच्या हिशेबात नाही.
माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, बारीक टायपात.

त्या संध्याकाळी मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरले
आणि ती डबीसकट घरी गेली.
सकाळी परत आणून दिली, सॉरी म्हणाली.
दुपारी मी फाइल उघडली.
कॉरिडॉर. जिना.
दारापाशी थांबणं, बहुधा टोपीसाठी.
बर्फावर जपून टाकलेली बावीस पावलं.
आणि मग, पाच वाजून चौदा मिनिटांनी, धूम.
सात नंबरची बस सुटत असणार.
एकतीस पावलं, मग आकडाच नाही, म्हणजे ती हवेत,
रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगावरून,
आणि उतरली ती डाव्यावर.
डावा लाल. उजव्याइतकाच लाल.
मी चहा ओतून घेतला होता, तो तसाच राहिला.

"हे कुणाचे पाय?" मी तिला विचारलं.
तिने पडदा स्वतःकडे वळवला, खालीवर पाहिला.
"कुणाचे का असेनात. चांगले आहेत. हेवा वाटतो."
"तुझेच. काल. बस पकडताना."

मला वाटलं होतं हसेल.
निदान रडेल.
तिचे कान लाल झाले.
"तू माझ्यावर पाळत ठेवलीस?
तिथे मी पाय मोजत नव्हते. तिथे मी घरी जात होते!"
मी म्हणणार होते, अगं तेच तर,
पण ती मोज्यांवर उभी होती, माझे तळवे टेबलावर होते,
आणि तिने डावा पाय फरशीवर आपटला.

दाणकन.

चहाचा कप बशीत सरकला.
ऐनारने हॉलच्या त्या टोकाहून मान वळवली.
तिने स्वतःच खाली पाहिलं.

याचा आकडा माझ्याकडे नाही.