लहानपणी पाणी कुठलं?

सोहारच्या आरोग्य केंद्राखाली, तळघरात,
मी स्वेटर घालून बसते. वर रस्त्यावर पंचेचाळीस अंश.
ट्रेमध्ये नव्वद नळ्या,
सीरम थिजल्या खोबरेलासारखं.

मंत्रालयाला मोजायचंय,
देशात कितीजणांना कधीकाळी होऊन गेली कावीळ,
ती साधी, पाण्यातून येणारी,
पुष्कळदा कळतही नाही आली कधी, गेली कधी.
रक्त मात्र विसरत नाही.

नळीवर नाव नाही. वय आहे, विलायत आहे
(इथे तालुक्याला विलायत म्हणतात;
म्हसळ्याच्या आमच्या अब्बांना हे कळलं असतं
तर दिवसभर हसले असते)
आणि एक रकाना :
लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?

साठीच्या पुढचे : फलज. फलज. विहीर. फलज.
सगळे पॉझिटिव्ह. एकही सुटला नाही.
चाळिशीतले निम्मेशिम्मे.
विशीच्या आतले : बाटली, बाटली,
समुद्राचं गोडं केलेलं, बाटली.
पुसलेल्या पाटीसारखे कोरे.

मंगळवारी एक म्हातारा स्वतःच जिना उतरून आला,
सईद बिन खल्फान, काठी टेकत.
निकाल नको होता त्याला. मनगट दाखवायचं होतं.
दोन डाग, मसुरीएवढे.
'बू सफार,' म्हणाला. 'इथे आईने हात धरला,
इथे शेजारणीने तापली सळई टेकवली.'
मी बाही सरकवली. कोपराच्या खाली
माझा डाग, बिब्ब्याचा. आणि गळ्यात घातलेली माळ,
मुळ्यांची, रोज एकेक बोट लांबणारी,
ती काही दाखवता आली नाही. अरबीत माळ सांगताना
मी हार सांगून बसले, त्याला वाटलं लग्नाचा.
पाणी कुठलं, त्याने विचारलं.
पऱ्याचं. वरच्या अंगाला म्हशी, खालच्या अंगाला आम्ही.
'आमच्या वरच्या अंगाला शेळ्या,' तो म्हणाला,
आणि खोकला येईपर्यंत हसला.

कॅम्पातल्या मजुरांच्या नळ्याही आल्या होत्या सुरुवातीला,
सिवान, सिल्हेट, एक आमच्या मंडणगडचा.
नंतर फोन आला : ते वगळा, ते लोकसंख्येत धरायचे नाहीत.
मी वगळले. मला तरी कोण धरतंय.
पण बुधवारी किटातला पॉझिटिव्ह कंट्रोल संपला
तेव्हा मी माझंच रक्त घातलं पहिल्या खाचेत.
नियमात बसत नाही. यंत्राने मान्य केलं.
त्या दिवसाचा अख्खा देश
माझ्या पऱ्यावरून मोजला गेला.

आणि त्याच दिवशी, सगळ्यांच्या शेवटी,
नाव न लिहिलेली एक नळी. वय अकरा. जन्म इथलाच.
पाणी : बाटली.
रय्यान, माझा.
कोरा.

चांगलीच गोष्ट आहे. याच्यासाठीच तर आलो आपण.
तरी मी ती खाच पुन्हा एकदा तपासली,
हात धुतले, पुन्हा तपासली.
मेमध्ये म्हसळ्याला जायचंय; तो विहिरीवर वाकेल,
मामाची पोरं ओंजळीने पितात तसा पिईल,
आणि मी ओरडेन त्याच्यावर, माझ्याच माहेरच्या अंगणात.

म्हणून लस. परवा, दंडात.
'यात काय असतं?' त्याने विचारलं.
मेलेले विषाणू, मी सांगितलं.
आणि थोडं तुझं आजोळ, हे मनात.
'दुखेल?'
थोडं.
तो दुसरीकडे बघत राहिला, खिडकीबाहेर,
जिथे पाण्याचा टँकर मागे येत होता,
टूं टूं टूं करत.